शंभर डॉलरची खुर्ची

[दृश्य : हिवाळ्यातली सकाळ. काँकॉर्ड, न्यू हॅम्पशायर. सोनेरी घुमट, पायऱ्यांवर बर्फ. एक वयस्कर गृहस्थ गाडीच्या डिकीतून कागदांचा गठ्ठा काढतायत.]

निवेदन :

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं न्यू हॅम्पशायर हे चिमुकलं राज्य. ही त्याच्या विधिमंडळाची इमारत, १८१९ सालची. आजही आमदार त्याच मूळ दालनांत बसतात.

कनिष्ठ सभागृहात खुर्च्या ४००. राज्याची लोकसंख्या साधारण १४ लाख. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. साडेतीन हजार म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम गाव. अशा मतदारसंघात आमदाराला लोक नावानं ओळखतात, किराणा दुकानात गाठतात, त्याच्या घरची बेल वाजवतात.

आणि या आमदाराचा पगार आहे वर्षाला १०० डॉलर.

महिन्याला नव्हे, वर्षाला. दोन वर्षांच्या मुदतीसाठी २०० डॉलर, हा आकडा १८८९ साली राज्यघटनेत घातला गेला. तो आजही तिथेच आहे. वर प्रवासखर्च मिळतो. साध्या आमदाराला स्वतःची खोली नाही, स्वतःचा मदतनीस नाही. कागद गाडीत असतात आणि काम घरच्या जेवणाच्या टेबलावर चालतं.

[दृश्य : रिकामं सभागृह. खुर्च्यांच्या रांगांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा.]

यामागे एक जुनी, मनापासून जपलेली कल्पना आहे. राज्यकारभार हा कुणाचा धंदा होऊ नये. शेतकऱ्यानं नांगर बाजूला ठेवून यावं, वकिलानं खटले बाजूला ठेवून यावं. चार महिने कायदे करावेत आणि परत आपापल्या कामाला लागावं. स्वतः केलेल्या कायद्याखाली स्वतः जगावं. अमेरिकेत याला नागरिक-आमदार म्हणतात. या कल्पनेत एक सच्चेपणा आहे, आणि तो मला आवडतो.

पण मग जरा त्या खुर्च्यांवर कोण बसतं ते बघू. जानेवारी ते जून, आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी काँकॉर्डला कोण येऊ शकतं? निवृत्तिवेतन सुरू झालेले येऊ शकतात. ज्यांचा धंदा दुसरं कुणी सांभाळतं, ते येऊ शकतात. रुग्णालयात पाळीनं काम करणारी परिचारिका कशी येईल? दोन लहान मुलं घरी असलेला ट्रकचालक कसा येईल? खुर्ची सर्वांसाठी मोकळी आहे, पण तिच्यावर बसायचा खर्च ज्यानं त्यानं स्वतःच्या खिशातून करायचा आहे.

न्यू मेक्सिको राज्य तर याच्याही पुढे गेलं. तिथल्या राज्यघटनेनं आमदारांना पगारच दिला नाही, फक्त दैनिक भत्ता आणि प्रवासखर्च. नेब्रास्कात वर्षाला १२,००० डॉलर.

[दृश्य : ऑस्टिन, टेक्सस. गुलाबी ग्रॅनाइटची प्रचंड इमारत.]

आता टेक्सस. हे राज्य चिमुकलं नाही. लोकसंख्या तीन कोटींहून अधिक. इथला आमदार महिन्याला ६०० डॉलर घेतो, म्हणजे वर्षाला ७,२००. अधिवेशन एक वर्षाआड, फक्त विषम वर्षी, आणि जास्तीत जास्त १४० दिवस. शाळा, तुरुंग, रस्ते, वीज, निवडणुका, आरोग्य या सगळ्यांचे कायदे आणि दोन वर्षांचं अंदाजपत्रक, सारं त्या १४० दिवसांत.

उरलेल्या दिवसांचं काय? विशेष अधिवेशन बोलावता येतं, पण ते फक्त गव्हर्नर, म्हणजे लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी, बोलावू शकतो. ३० दिवसांचं. आणि त्यात कोणत्या विषयावर कायदे करायचे, तेही गव्हर्नरच ठरवतो. आमदारांना वाटलं म्हणून जमता येत नाही.

२४ मे २०२२. टेक्ससमधलं युवाल्डी गाव. प्राथमिक शाळेत बंदूकधारी शिरला. १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पालकांनी मागणी केली, विशेष अधिवेशन बोलवा, बंदुकीच्या कायद्याबद्दल बोला. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ते बोलावलं नाही. विधिमंडळ पुन्हा भरलं ते जानेवारी २०२३ मध्ये. कायदा काय व्हावा यावर टेक्ससमध्ये टोकाचे मतभेद आहेत, ते असणारच. पण निवडून दिलेल्या माणसांना त्या दुःखाच्या काळात एका छताखाली जमून बोलता येऊ नये, हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

विधिमंडळ घरी असतं तेव्हा सरकार घरी नसतं. खाती चालू असतात, अधिकारी निर्णय घेत असतात, कंत्राटं निघत असतात. फक्त प्रश्न विचारणारा जागेवर नसतो.

[दृश्य : काळोख. मग जुनं कृष्णधवल छायाचित्र : एक जाडजूड माणूस, मांडीवर बोलकी बाहुली.]

हे छायाचित्र १९४९ सालचं, एका गाजलेल्या साप्ताहिकातलं. हा आर्टी सॅमिश. कॅलिफोर्नियातला लॉबिस्ट, म्हणजे उद्योगांच्या वतीनं आमदारांकडून कामं करून घेणारा. मद्यविक्रेते, घोड्यांच्या शर्यती भरवणारे, असे अनेक धंदे त्याच्या पदरी. आणि मांडीवरची ती बाहुली म्हणजे कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ. हे त्यानं स्वतःच, उघडपणे, छायाचित्रकारासमोर दाखवलं होतं. पुढे १९५३ मध्ये करचुकवेगिरीत तो दोषी ठरला.

ही बाहुली इतकी हलकी का होती? कारण आमदाराला कायम घरची चिंता, दोन-चार महिन्यांत परत जायची घाई, आणि माहिती विचारायला दुसरं कुणी नाही. विधेयकाचा मसुदा कुणाकडे तयार होता? सॅमिशच्या माणसाकडे. हॉटेलातलं जेवण कोण देणार? तोच.

[दृश्य : कॅलिफोर्नियाचा नकाशा. लॉस एंजेलिस परगणा लाल. पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यातले तीन परगणे निळे.]

शिवाय आणखी एक गोष्ट होती. १९६० च्या सुमारास लाल भागात ६० लाख माणसं राहत होती आणि त्यांना राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, प्रतिनिधी होता १. निळ्या भागात, आल्पाइन, इन्यो आणि मोनो हे तीन परगणे मिळून १४ हजारांच्या आसपास माणसं. त्यांनाही प्रतिनिधी १. डोंगरातल्या एका मताचं वजन शहरातल्या चारशेहून अधिक मतांइतकं.

हे जून १९६४ मध्ये संपलं. अलाबामा राज्यातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, राज्यांच्या दोन्ही सभागृहांत मतदारसंघ लोकसंख्येनं सारखे हवेत. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात लिहिलं की आमदार माणसांचं प्रतिनिधित्व करतात, झाडांचं किंवा एकरांचं नाही. हे वॉरन पूर्वी कॅलिफोर्नियाचेच गव्हर्नर होते, आणि गव्हर्नर असताना त्यांनी हीच जुनी विषम रचना उचलून धरली होती. माणूस आपलं मत इतक्या जाहीरपणे बदलतो तेव्हा मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

[दृश्य : सॅक्रामेंटो, कॅलिफोर्नियाची राजधानी. पांढरी इमारत, समोर ताडाची झाडं.]

आणि आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. जेसी अनरू. जन्म १९२२, कॅन्ससमध्ये. बालपण टेक्ससमध्ये, दुसऱ्याच्या जमिनी वाट्यानं कसणाऱ्या घरात. दुसऱ्या महायुद्धात नौदलात. परत आल्यावर माजी सैनिकांना सरकार शिक्षणासाठी पैसे देत होतं, त्यावर तो विद्यापीठात शिकला. १९५४ मध्ये आमदार, १९६१ मध्ये कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष. देह अवाढव्य, आवाज मोठा, सत्ता कशी वापरायची हे पुरतं ठाऊक. पैसा म्हणजे राजकारणाला आईचं दूध, हे त्याचं वाक्य अमेरिकेत आजही लोक म्हणून दाखवतात. तो काही संत नव्हता. पण गरिबीतून आलेल्या या माणसाला एक गोष्ट नेमकी कळली होती. आमदाराचं पोट आणि आमदाराची माहिती, ही दोन्ही ज्याच्या हातात, आमदार त्याचा.

त्यानं दोन्ही बाजूंनी काम केलं. समित्यांना स्वतःचे सल्लागार दिले. शिक्षण समितीला शिक्षण कळणारी माणसं, पाणी समितीला पाणी कळणारी माणसं. ही माणसं पगारी, विधिमंडळाची, कुठल्या कंपनीची नव्हेत. आर्थिक विश्लेषणाचं निःपक्ष कार्यालय तर कॅलिफोर्नियानं १९४१ मध्येच काढलं होतं. गव्हर्नरनं अंदाजपत्रक मांडलं की त्यातला प्रत्येक आकडा हे कार्यालय आमदारांसाठी तपासायचं. अनरूनं या सगळ्याला बळ दिलं.

मग ८ नोव्हेंबर १९६६ ला हा प्रश्न थेट मतदारांपुढे आला. आमदारांचा पगार ६,००० डॉलरवरून १६,००० वर न्यावा का? अधिवेशनांवरची मुदतीची बंधनं काढून विधिमंडळ दर वर्षी, हवं तितके दिवस भरू द्यावं का? त्याच दिवशी मतदार रोनाल्ड रेगन यांना गव्हर्नर म्हणून निवडून देत होते, म्हणजे सरकारी खर्चावर कडाडून टीका करणाऱ्या माणसाला. आणि त्याच मतदारांनी मोठ्या बहुमतानं सांगितलं, होय, आमदारांना पूर्ण वेळ काम करू द्या.

१९७१ मध्ये पन्नासही राज्यांच्या विधिमंडळांची एक तुलनात्मक पाहणी प्रसिद्ध झाली. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाचा होता. इतर राज्यांतले आमदार सॅक्रामेंटोला येऊन बघून जाऊ लागले. आज न्यूयॉर्कमध्ये आमदाराला वर्षाला १,४२,००० डॉलर मिळतात, देशात सर्वाधिक. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशी मोजकीच राज्यं या वाटेनं गेली. बहुतेक राज्यं मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर आहेत, आमदाराला अर्धा पगार आणि पाऊण वेळ काम.

[दृश्य : हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया. रात्र. इमारतीत दिवे.]

गोष्ट इथे संपली असती तर फार सोपी झाली असती.

७ जुलै २००५, पहाटे दोनच्या सुमाराला पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं कुठलीही चर्चा न करता स्वतःचा पगार वाढवून घेतला. सकाळी लोकांना कळलं. संताप इतका उसळला की नोव्हेंबरमध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला, आणि पुढच्या मे महिन्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत १७ विद्यमान आमदार घरी गेले. त्यांत सिनेटमधल्या बहुमतातल्या पक्षाचे दोन सर्वोच्च नेते होते. पगार हवा, हे मी म्हणतो आहे. पण तो दिवसाउजेडी, लोकांना कारण सांगून घ्यायचा असतो. पहाटे दोनला घेतलेला पगार लोकांचा विश्वास घेऊन जातो, आणि मग खऱ्या कामासाठी मागितलेला पैसाही लोक देत नाहीत.

कॅलिफोर्नियातही तेच झालं. विली ब्राऊन. टेक्ससमधल्या एका छोट्या गावात गरीब कृष्णवर्णीय घरात जन्मलेला मुलगा, १९६४ मध्ये आमदार झाला आणि १९८० पासून जवळजवळ पंधरा वर्षं कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष राहिला. सभागृह कसं चालवायचं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वर्षानुवर्षं तेच चेहरे, निवडणुकीचा वाढता खर्च, आणि १९८८ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेनं खोट्या कंपनीचा सापळा लावून उघड केलेली आमदारांची लाचखोरी, यांनी लोक वैतागले.

नोव्हेंबर १९९०. मतदारांनी थोड्या मतांच्या फरकानं दुसरा निर्णय दिला. कनिष्ठ सभागृहात जन्मभरात फक्त ६ वर्षं, सिनेटमध्ये ८. आमदारांचं निवृत्तिवेतन बंद. आणि विधिमंडळाच्या खर्चात जवळपास ४० टक्के कपात.

[दृश्य : रिकामं होणारं कार्यालय. खोके. भिंतीवरून उतरवलेली चौकट.]

राग आमदारांवर होता, आणि खोके भरून बाहेर पडले ते सल्लागार. पाण्याच्या हक्कांचा शंभर वर्षांचा इतिहास ज्यांच्या डोक्यात होता, अशी माणसं. त्यातले कितीतरी रस्ता ओलांडून लॉबिस्टांच्या कार्यालयात गेले, कारण त्यांच्या ज्ञानाला तिथे किंमत होती.

जुने आमदार गेले, नवे आले. आधी दाराबाहेर असलेल्या समाजांतली माणसं आत यायला त्यामुळे मदत झाली, हे मान्य करायला हवं. पण नंतर ज्यांनी अभ्यास केला त्यांना दिसलं की अंदाजपत्रकात फेरफार करण्याची विधिमंडळाची ताकद घटली आणि गव्हर्नर व खात्यांचं वजन वाढलं. सहा वर्षं म्हणजे किती? दोन वर्षं शिकण्यात जातात. दोन वर्षं काम होतं. शेवटची दोन पुढची नोकरी शोधण्यात. २०१२ मध्ये मतदारांनी नियम सैल केला. आता दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षं, हवी तर एकाच जागी.

तिकडे कमी पगाराच्या राज्यांत सॅमिशची बाहुली नव्या रूपात आली आहे. २०१९ मध्ये पत्रकारांनी पन्नास राज्यांतली विधेयकं संगणकावर ताडून पाहिली. आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक विधेयकं बाहेरच्या गटांनी लिहून दिलेल्या नमुन्यांवरून जवळजवळ जशीच्या तशी उतरवलेली निघाली. उद्योगांचे गट त्यात होते, वेगवेगळ्या विचारसरणीचे गटही होते. २,१०० हून अधिक विधेयकांचे कायदे झाले. आणि दुसऱ्या संशोधनात दिसलं की जिथे आमदाराला मदतनीस कमी, वेळ कमी, तिथे असा तयार मसुदा उचलला जाण्याची शक्यता जास्त. दुपारी दुकान सांभाळून संध्याकाळी विधेयक लिहायला बसलेल्या आमदाराला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे कोरा कागद असतो, आणि कुणीतरी सुबक टंकलिखित मसुदा आणून ठेवतं.

[दृश्य : डेट्रॉइट. कारखान्यांच्या भिंती. मग लान्सिंग, मिशिगनचं विधिमंडळ.]

या गोष्टीत एक मराठी नावही आहे. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, उद्योग उभे केले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, प्रचाराचा बहुतेक पैसा स्वतःचा होता, तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेले. २०२२ मध्ये थेट वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये.

मिशिगनचं विधिमंडळ पूर्ण वेळ चालतं. ठाणेदार तिथे होते तेव्हा आमदाराचा पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर होता. सीमाभागातून आलेल्या, इंग्रजी मराठी वळणानं बोलणाऱ्या माणसाला डेट्रॉइटच्या मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडलं, ही साधी गोष्ट नाही. पण त्यांची वाट नीट बघा. आधी उद्योगात पैसा, मग राजकारण. उमेदवारीचा उंबरा त्यांना ओलांडता आला, कारण तोवर खिशात बळ आलं होतं. अमेरिकेत येऊन कंपनीत पहिली नोकरी करणाऱ्या त्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हे जमलं असतं का?

इथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे, कारण ती माझ्याच म्हणण्याच्या आड येते. पगार वाढवला की कामगारवर्गातली माणसं आमदार होतील, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. २०१६ मध्ये दोन राज्यशास्त्रज्ञांनी पन्नास राज्यांची आकडेवारी तपासली आणि त्यांना तसं आढळलं नाही. अमेरिकेत राज्यांचे आमदार आहेत सुमारे ७,४००. त्यांत हातानं काम करणारे, कारखान्यातले, दुकानातले, हॉटेलातले, शंभरात दोन-तीनसुद्धा नाहीत. जास्त पगाराच्या राज्यांतही नाहीत. चांगल्या पगाराच्या खुर्चीकडे आधीच चांगला पगार घेणारे वळले.

पगार मिळतो निवडून आल्यावर. अडचण असते ती त्याआधीच्या वर्षभराची. प्रचारासाठी नोकरी सोडायची, घरभाडं मात्र चालू. पैसे उभे करायला श्रीमंत मित्र लागतात, आणि गोदामात काम करणाऱ्याचे मित्रही गोदामातच काम करतात.

[दृश्य : पुन्हा सॅक्रामेंटो. प्रेक्षक-कक्षातून दिसणारं सभागृह.]

आणि एक आकडा असा आहे की त्याकडे फारसं कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहात ८० जागा. हा आकडा १८७९ च्या राज्यघटनेतला. तेव्हा राज्यात नऊ लाखांच्या आत माणसं होती, म्हणजे एका आमदारामागे साधारण ११ हजार. आज राज्य ३ कोटी ९० लाखांचं आहे आणि जागा तितक्याच. एका आमदारामागे जवळजवळ ५ लाख. सिनेटमध्ये ४० जागा, म्हणजे एकामागे दहा लाखांच्या जवळपास. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ कोटी २४ लाख लोक, म्हणजे एकामागे चार लाखांच्या आत-बाहेर. आपल्याकडे आमदार भेटत नाही ही तक्रार किती जुनी आहे, ते सांगायला नको.

काँकॉर्डच्या आमदाराला मतदार ओळखतो, पण त्या आमदाराजवळ वेळ नाही, माणसं नाहीत. सॅक्रामेंटोच्या आमदाराजवळ सल्लागार आहेत, अभ्यास आहे, पण पाच लाखांतल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही. दोन्हींपैकी एक निवडा असं कुणी म्हटलं, तर मी सॅक्रामेंटो निवडीन, आणि त्यात खुर्च्या वाढवून मागीन. लोक आमदारांची संख्या वाढवायला तयार होत नाहीत, मला माहीत आहे. तरी मागीन.

[दृश्य : रात्र. समितीच्या कार्यालयातला एकच दिवा. पडद्यावर विधेयकाचं विश्लेषण.]

का, ते या पडद्यावर आहे. कॅलिफोर्नियात विधेयक समितीपुढे आलं की समितीचा सल्लागार त्यावर टिपण लिहितो. आजचा कायदा काय आहे, विधेयक काय बदलतं, खर्च किती, अडचण कुठे. हे टिपण आमदाराला मिळतं आणि त्याच वेळी सर्वांसाठी इंटरनेटवर खुलं होतं. फ्रेझ्नोतली शेतमजूर बाई फोनवर ते उघडू शकते.

टिपणाच्या शेवटी दोन याद्या असतात. विधेयकाच्या बाजूनं कोण, विरोधात कोण. कंपन्या, संघटना, महापालिका, कामगार संघ.

सल्लागार पान खाली सरकवते. बाजूनं नावं आहेत ३१. विरोधात ४. पाचवं नाव नुकतंच आलंय. एका माणसाचं साधं पत्र, ठरवून दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठवलेलं. ती ते वाचते आणि यादीत चढवते.

[दिवा तसाच. पडदा काळा.]